दगड काढल्यावर उरलेलं

पुलावर एकाच गाडीपुरती वाट आहे.
तीन किलोमीटर, दोन्ही अंगांना समुद्र.
समोरून कुणी आलं की एकानं कडेच्या फुगवट्यात थांबायचं,
हात हलवून म्हणायचं : या, आधी तुम्ही या.
ओमुहिपितीला येणाऱ्याची पहिली शिकवणी इथंच होते.
मी आमिसे. टोपी घाला.
वारा आहे म्हणून ऊन कळत नाही, रात्री पाठ सांगते.

हा लाल महाल गव्हर्नरांचा.
आत कोरीव खुर्च्या, समुद्रापलीकडून आलेल्या.
बसायला मनाई.
ही हिरवी मशीद. हे देऊळ, दीवकडच्या वाण्यांचं;
घंटा वाजवा हवी तर, रागावणारं कुणी नाही.
हे पांढरं इस्पितळ : एवढे खांब
की रोग्यानं मोजता मोजता बरं व्हावं.
माझा जन्म इथलाच, तिसऱ्या खिडकीमागं,
छत तेव्हाही गळत होतं.

आता किल्ला.
या टोकाला गोड्या पाण्याचा झरा नाही,
म्हणून गच्च्या उतरत्या, अंगण उतरतं,
आभाळातून पडेल तो थेंब टाक्यात.
डच दोनदा तोफा घेऊन आले, दोनदा परत गेले.
पुस्तकं सांगतात, भिंती जाड होत्या.
आई सांगते, टाकं भरलेलं होतं.

या धक्क्यावरून माणसं नेली.
किती, ते मी सांगत नाही.
आकडा सांगितला की लोक वहीत लिहितात
आणि वही मिटतात.
इथं थोडं थांबू.
हं. चला.

आता खाली. जपून, पायऱ्या झिजल्यात.
बघा, रस्ता तुमच्या डोक्याच्या वर गेला.
इथं झावळ्यांची घरं, दाटीवाटीची,
आमचं छप्पर वरच्या रस्त्याच्या पायांशी.
पाहुणे विचारतात, गाव इतकं खाली कसं?
खाली नव्हतंच, साहेब.
महालाचा दगड इथला, इस्पितळाचा इथला,
जो तो खांब इथून उचलून नेलेला.
दगड काढल्यावर जे उरलं
त्यात आम्ही चुली मांडल्या.
वर बघाल ते शहर,
इथं उभे आहात तो त्याचा साचा.

पाऊस दोघांवरही एकच पडतो.
वर तो टाक्यात जातो, पिण्याचा होतो.
इथं तो उंबरा ओलांडून आत येतो,
चटई भिजवतो, कोंबड्या पाटावर चढतात,
आणि आम्ही रात्रभर बादल्यांनी उपसतो.
ज्यांचा खड्डा, त्यांचंच पाणी.
हे मी वरच्या चौकात सांगत नाही.

ही माझी आई, मुआनाशा.
तोंडाला मुसिरो आहे, घाबरू नका,
लाकूड उगाळून लावतात, कातडी राहते.
ओहोटीला ती वाळू चाळते :
बुडालेल्या गलबतांतले मणी निघतात,
तांबडे, पिवळे, बोराच्या बीएवढे.
बहुतेक ती विकते. घासाघीस करा, तिला आवडते.
पण हा निळा दोऱ्यात नाही, पदराच्या गाठीत आहे.
हा समुद्रानं दिला नाही.
मागच्या पुरात, पहाटे,
घरातलं पाणी उपसताना बादलीत आला.

तज्ज्ञ आले होते एकदा. भिंगातून बघून म्हणाले,
जुना आहे, फार लांबचा आहे,
कुणाच्या गळ्यातला असावा, सांगता येत नाही.
आई म्हणाली, मला सांगता येतं.
मग काही बोलली नाही.
आम्हीही विचारलं नाही.

जेवून जा. सिरी-सिरीची मतापा आहे,
ओल्या नारळातली, तिखट नाही.
संध्याकाळच्या गाडीला वेळ आहे,
आणि पुलावर समोरून कुणी येणारच,
थांबावं लागेलच तुम्हाला.
तेवढ्यात मागं वळून बघा.
महाल दिसेल, बुरूज दिसेल, पांढरे खांब दिसतील.
आमचं घर दिसणार नाही.
ते सगळ्याच्या खाली आहे.